अष्टराचं मधलं

बाबा,

आज रविवार, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, आणि मी सकाळपासून हातात खुरपं घेऊन अंगणात नुसती बसले आहे. समोर तुमचं अष्टर आहे. एकच ठोंब उरलाय. मागच्या वर्षी चार होते, त्यातले तीन मे महिन्यानं नेले. अजनीच्या या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात दुपारी नावालाही सावली नसते, आणि मी पडले घाबरट, पान जरा मान टाकताना दिसलं की झारी घेऊन धावणारी. उरलेल्या ठोंबाचं मधलं काळं आणि पोकळ झालंय, कडेनं पाच पिल्लं फुटली आहेत. होळी चार दिवसांवर आली आहे, म्हणजे तुमच्या हिशेबानं मी आधीच उशीर केलाय. ही पाच जगली नाहीत तर संपलंच. शेजारच्या मावशीकडची रोपं सिव्हिल लाइन्समधला आपला जुना बंगला पाडला तेव्हा गेली आणि दुसऱ्या कुणाकडे ती असल्याचं मला माहीत नाही. बाजारात मिळतं ते अष्टर वर्षाचं, बी पेरा, फुलं घ्या आणि उपटून टाका. आपलं ते कायमचं, असं तुम्ही म्हणायचे. हा शब्द तुम्ही ज्या भरवशानं उच्चारायचे तो भरवसा मला काही कधी जमला नाही.

त्या बंगल्याची सगळी बाग तुमच्या हाताखाली होती. पुढचे गुलाब, कडेचे वाफे, हिरवळ, सगळं साहेबांचं. अष्टर मात्र आपलं होतं, मागच्या बाजूला, आपल्या खोलीसमोर, नळाजवळ. आधीच्या बंगल्यातून इकडे येताना मायनं तो ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता, आणि सायकलरिक्षाभर ती मला म्हणत होती, "हात नोको लावू वं, माती सुटीन." दसऱ्याच्या सुमाराला तो निळाजांभळा फुलायचा. पहिली ताटलीभर फुलं विहारातल्या मूर्तीपुढे जायची, मग मायच्या वेणीत एखादं. दर होळीच्या आत तुम्ही तो उकरून फोडायचे. माय गेली आणि त्या वर्षी तुम्ही फोडला नाही. पुढच्याही वर्षी नाही. चार वर्षं तुम्ही त्याला पाणी घातलंत, पावसाळ्यात शेंडे खुडलेत, काड्यांचा आधार दिलात, पण मुळाला हात लावला नाहीत. फुलं दरसाल कमी होत गेली. बाकी बागेत एक वाळकं पान न खपवणारे तुम्ही, इथे मात्र बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि मला त्याचं कारण विचारायची हिंमत नव्हती.

मग तुम्ही दवाखान्यात गेला. माघ संपत आला होता. मी अठरा वर्षांची, संध्याकाळी डबा घेऊन यायची, आणि तुम्ही डब्याकडे न बघता आधी अष्टराचं विचारायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही मला खाटेच्या कडेला बसवलंत आणि पांघरुणावर बोटानं गोल काढून दाखवलंत. "हे कडेचे पिल्लं. मुळासकट अलग कराचे, सावलीत लावाचे. अन् हे मधलं फेकून द्याचं. खतात." मी विचारलं, "काहून? जुनं तं थेच आहे नं बाबा?" तुम्ही हसलात, मग खोकलात, मग म्हणालात, "जुनं हाये म्हणूनच. त्याचं काम झालं. थे जागा धरून बसते, अन् पिल्लाइले जेवू देत नाही. चार वर्सं मी चुकलो. तू नोको चुकू."

त्याच दिवशी बाहेर पडताना डॉक्टरांनी मला व्हरांड्यात थांबवलं होतं. घरात मोठं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर काय ते मलाच सांगितलं. दिवाळी बघतील की नाही सांगता येत नाही, असं म्हणाले. तुम्हाला मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. तुम्ही "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोंब उकरला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पिल्लं अलग केली, वीस-बावीस निघाली असतील. मधलं हातात राहिलं, लाकडासारखं, आतून पोकळ, कसल्याशा वासाचं. ते घेऊन मी खतखड्ड्यापर्यंत गेले. तिथून परत आले. पुन्हा गेले. मायनं मांडीवर आणलेलं ते हेच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि तुम्ही तिकडे खाटेवर. मला ते टाकता येईना, बाबा. शेवटी ते मी नळाजवळच्या त्याच जागी परत लावलं, भोवती आळं केलं, चांगलं खत घातलं. मोठ्याला मोठ्याचा मान, असलं काहीतरी मनाशी म्हटलं असेल. पिल्लांना मग जागाच उरली नाही. शेजारच्या खोलीतली मावशी, ड्रायव्हरची बायको, कधीची मागत होती, ती सगळीच्या सगळी तिच्या पदरात घातली. माळ्याची पोर आणि असली अक्कल!

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "मधलं फेकलं नं वं?"

"हो, फेकलं."

"अन् पिल्लं?"

"लावले. सावलीत."

त्या दिवसापासून रोज तेच. मी डबा उघडायच्या आत तुमचा प्रश्न, आणि माझं "हो". मला वाटायचं आजारपणानं तुम्ही विसरता. प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या सांगू. घरी आले की आधी नळाजवळ जायची. चैत्रात मधल्याला दोन हिरवे कोंब आले तेव्हा मी वेड्यासारखी नाचले. आठवड्यात ते सुकले. मी पाणी वाढवलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी. वैशाखात बोट लावलं तर ते आतल्या आत खचलं, नुसता चिखल. आणि दवाखान्यातून निरोप आला की परवा तुम्हाला घरी न्यायचं आहे.

त्या दुपारी मी मावशीच्या दारात उभी राहिले. दिलेली वस्तू परत मागायला गेलेली मी, काय तोंडानं बोलणार? तिनं मला बोलूच दिलं नाही. भिंतीच्या सावलीत डालडाच्या डब्यांची रांग होती, प्रत्येकात एक पिल्लू, हिरवंगार. "घेऊन जा," म्हणाली, "मले दोन ठेव." का आलीस, काय झालं, एक अक्षर नाही. मला तेव्हा वाटलं, काय देवमाणूस आहे. संध्याकाळपर्यंत मी चिखल उपसला, नवी माती भरली, सगळी रोपं लावली, वर सावलीला बांबूच्या तट्ट्या बांधल्या. तुम्ही रिक्षातून उतरलात, काठी टेकत आधी नळाजवळ गेलात आणि म्हणालात, "बरे लावले." आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. मी सुटले असं मला वाटलं.

दसऱ्याला फुलं आली. तुम्ही दारात खाटेवर बसून ती बघितलीत आणि म्हणालात, "शेंडे अजून एक डाव खुडले असते तं जास्त आले असते." मला इतका राग आला! तुम्ही फुलं बघाल की नाही या धास्तीनं मी आठ महिने धड झोपले नव्हते, आणि तुम्हाला शेंडे दिसत होते. दिवाळीच्या आठ दिवस आधी तुम्ही गेलात. तुमच्यावर वाहायला झुडपावर होती नव्हती ती सगळी फुलं मी तोडली.

अठरा वर्षं झाली. तुम्हाला फसवलं ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. दर होळीला ठोंब फोडायला बसले की तेच आठवतं. आणि गेल्या रविवारी मावशी आली. केस पिकलेत, गुडघे गेलेत, जीभ तशीच आहे. चहा घेताना अंगणाकडे बघून सहज म्हणाली, "तुया बाप लय खट माणूस. मी दवाखान्यात भेटाले गेली, तं सांगतलं त्याले, पोरीनं सारे पिल्लं मलेच देल्ले म्हणून. थो म्हणे, सांभाळ. तिले काई म्हणू नोको. पोरगी येईन मांगाले."

मी विचारलं, हे कधीचं? ती म्हणाली, "तुनं मले देल्ले, त्याच्या दुसऱ्याच रोजी."

दुसऱ्याच रोजी. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि त्यानंतर अडीच महिने तुम्ही रोज मला विचारत होता, आणि मी रोज तुमच्या डोळ्यांत बघून हो म्हणत होते. आठ दिवस मी हेच धरून बसले आहे. आधी राग आला. मग लाज वाटली, आतापर्यंत वाटली नव्हती इतकी. मग एक वेगळीच गोष्ट आठवली. डॉक्टर काय म्हणाले, हे तुम्ही मला पुढे एकदाही विचारलं नाहीत. एकदाही नाही, बाबा. मी तेही लपवत होते आणि तुम्ही ते कळल्यासारखे गप्प होता. मला रडत सगळं सांगून टाकायला तुम्ही रोज एक दार उघडत होता का? अष्टराची आणि डॉक्टरांची, दोन्ही गोष्टी एकदम बाहेर आल्या असत्या. मला अष्टराचं तेवढं दिसलं. तुमच्याजवळ बसून रडायचे ते अडीच महिने मी डबे उघडण्यात घालवले.

असो. हे लिहिता लिहिता ऊन चढलं, म्हणून मधेच उठून काम उरकलं. ठोंब फोडला. पाचही पिल्लं कुंड्यांत लावून न्हाणीच्या भिंतीच्या सावलीत ठेवली आहेत. पाणी बेतानं घातलंय, झारी कुलपात ठेवायची तयारी आहे. जगतील की नाही ते जूनमध्ये कळेल, तोवर माझा जीव टांगणीला. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, शाळेच्या वहीतच राहील.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. मधलं फेकलं नाही, बाबा. त्या वर्षीही फेकलं नव्हतं. आताही ते न्हाणीमागे डालडाच्या डब्यात लावलंय. जगणार नाही, मला माहीत आहे.