जॅकेटचे दोरे

मंगळवार संध्याकाळ, रोटोटुना

आज हातून काय होऊन बसलं हे! नात ऋचाची उद्या पॉलिटेक्निकात परीक्षा. दुकानात कपडे कसे मांडायचे, गिऱ्हाइकाची नजर कुठे थांबवायची, हे ती शिकते. त्यासाठी तिने 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका दुकानातून महागाचं जॅकेट आणलं होतं, परत द्यायच्या बोलीवर. हॉलमधल्या पुतळ्यावर चढवून ठेवलेलं. खालची कड दुमडलेलीच नाही, नुसते दोरे लोंबत होते. वाटलं, पोरीच्या गळ्यात खराब माल मारला. जन्मभर शिंपीकाम केलं, मला बघवेना. दोरे कापले, कड दुमडली, बारीक तुरपाई घातली. खूश होईल म्हणून वाट बघत बसलो.

ती आली आणि किंचाळलीच. "आबा! इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट! फॅशन आहे ती!"

तुरपाई उसवता येईल. कापलेले दोरे कुठून आणू? केराच्या डब्यातून वेचून काढले. पण काढून करू काय? चिकटवू?

मुलगा कामावरून आला, एवढंच म्हणाला, "आबा, तुम्ही नुसतं बसत का नाही?" या देशात आल्यापासून दुसरं काय करतोय मी?

ऋचाने दार लावून घेतलंय. बाहेरूनच म्हणालो, "उद्या दुकानात मी येतो बाळा, चूक माझी म्हणून सांगतो."

आतून आवाज आला, "नो आबा, प्लीज. यू स्टे होम."

प्लीज म्हणाली मला. चार शब्द सुनावले असते, तर जेवलो तरी असतो.