जांभळा लिफाफा आणि संडासातलं कॅलेंडर

३ फेब्रुवारी, सोमवार
जांभळा लिफाफा आला. पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांना डच सरकार दर दोन वर्षांनी पाठवतं. आत काडी आणि नळी. शीचा कणभर नमुना घ्यायचा, परत पोस्टात टाकायचा. आतड्याचा कॅन्सर लवकर सापडतो म्हणे. मी एकसष्टचा, पण सायकलवर पंचेचाळिसाचा. तरी नागरिकाचं कर्तव्य. संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर (आमच्याकडे घरोघर ते तिथेच टांगतात) ८ तारखेला लिहिलं: टेस्ट. मी लिहिलं की करतोच.

८ फेब्रुवारी
पोस्टात पडेपर्यंत नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा असं कागदावर आहे. तिनेके म्हणाली, माझ्या चीजशेजारी अजिबात ठेवायचा नाही. बायकोचं मन मोडवेना. आता २० तारीख. (आजचा नमुना उत्तम होता. वाया गेला.)

२० फेब्रुवारी
योरित आला. आमचा मुलगा, वय छत्तीस. म्हणाला, बाबा, नाताळपासून शीतून रक्त जातंय. मी म्हटलं, मूळव्याध, दुसरं काय. दिवसभर बसून काम करतोस. पाणी पी, राय धान्याचा काळा ब्रेड खा. तुझ्या वयाला कॅन्सर होत असता तर सरकारने तुलाही लिफाफा पाठवला नसता का? त्याला पटलं. माझं ऐकतो पोरगा. या बोलण्यात टेस्ट राहिली.

१६ मार्च, रविवार
तिनेकेचा वाढदिवस. गोलात खुर्च्या, माणशी एक केकचा तुकडा, रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. चौदा पाहुणे, आणि प्रत्येक जण एकदा तरी संडासात जाऊन कॅलेंडर वाचून आला. मार्चच्या पानावर 'टेस्ट' चारदा लिहून चारदा खोडलेली. मेहुणा सीब्रेन सगळ्यांदेखत म्हणाला, काय रे खेर्बेन, या टेस्टचा वाढदिवस दर आठवड्याला येतो का? सगळे हसले. योरित हसला नाही. जाताना म्हणाला, मला लिफाफा आला असता तर मी त्याच दिवशी परत पाठवला असता.
हल्लीची पिढी फार गंभीर.

२ एप्रिल
योरित मला न विचारता डॉक्टरकडे गेला. वजन सहा किलो उतरलंय. मी काळ्या ब्रेडचा गुण समजत होतो. हॉस्पिटलात दुर्बिणीने तपासणार आहेत. मी म्हटलं, उगाच.

१७ एप्रिल
कॅन्सर आहे. गुदाशयात.
मी सोबत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयस्कांचा बरेचदा लिफाफ्यामुळे सापडतो, काही त्रास व्हायच्या आत. तरुणांना लिफाफा नाही. रक्त दिसलं तरी मूळव्याध म्हणून बसून राहतात आणि उशिरा येतात. पसरलेला नाही, ऑपरेशन होईल. पण इतके महिने का थांबलात?
मी बुटांकडे बघत होतो. योरित म्हणाला, मलाच वाटलं, या आजारासाठी मी लहान आहे.
माझं नाव घेतलं नाही त्याने. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, सकाळी साडेसात
केली टेस्ट. काडी, नळी, सगळं कागदावर सांगितलंय तसं. चीजशेजारी ठेवली. तिनेकेने चीज सरकवून जागा केली.
मग चष्मा लावून नळीवरची बारीक अक्षरं वाचली. मुदत मार्चअखेर संपलेली. फोन करून नवीन लिफाफा मागवला.
तारीख लिहायला कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उघडलं. तिथे योरितने कधीतरी येऊन लिहून ठेवलंय, १२ तारखेला: ऑपरेशन.
एकदाच लिहिलंय. खोडाखोड नाही.