रासबेरीचा वाफा आणि खताचे तीन कप्पे यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं वाचून शिकले. मृत्युपत्राचा कायदाही वाचनालयातून पुस्तक आणून वाचला. वकीलसाहेबांनी मसुद्यात दोन चुका काढल्या. त्यातली एक त्यांचीच होती.

१. राहतं घर मुलाला. बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीन मुलीला. उलट टाका घालताना मशीन अडतं. ते तिनेच शाळेत असताना बिघडवलं आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.

२. सुनेला जॅमचं जाड बुडाचं पातेलं आणि माझी वही. तिचा जॅम पातळ होतो, कारण मी तिला साखर कमी सांगितली होती. पाहुण्यांसमोर "आईंच्या खताचा वास पडद्यांनासुद्धा येतो" म्हणाली, त्याचं ते उत्तर होतं. अकरा वर्षं झाली, पुरे. खरं प्रमाण वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

३. आता मुख्य गोष्ट. परसात रासबेरीचा वाफा आहे आणि शेजारी खताचे तीन कप्पे. पहिल्यात ताजा कचरा आणि पालापाचोळा, दुसऱ्यात अर्धवट कुजलेलं, तिसऱ्यात तयार खत. पहिल्या वर्षी यजमानांनी घाई करून दुसऱ्यातलं गरम खत घातलं. चाळीस रोपं करपली. "थंडीने गेली," म्हणाले. मीही "हो का" म्हणाले. त्यानंतर ढिगात कोपरापर्यंत हात घालून, थंड लागल्याशिवाय त्यांनी खत कधी उचललं नाही.

मुलाला तिथे सिमेंट घालून गाडी ठेवायची आहे.

"आई, गाडी उन्हात तापते गं."

"मग छत्री धर तिच्यावर," मी म्हणाले. तो हसला, पण फूटपट्टी घेऊन वाफा मोजून गेला.

४. शेजारी राहणारे निवृत्त पोस्टमास्तर गेली सात वर्षं माझ्या तिसऱ्या कप्प्यातून खत चोरतात. सकाळी, टोपलीने. मी खिडकीतून बघते. त्यांना वाटतं मी चहाकडे बघते. कोपरापर्यंत हात घालतात, मगच उचलतात. दुसऱ्या कप्प्याला शिवत नाहीत.

यजमान गेले तेव्हा दोन महिने मी परसात पाऊल टाकलं नाही. शेवटी मी परसात गेले तेव्हा वाटलं, ढीग सडून त्याचा चिखल झाला असेल. तर तो वरखाली केलेला, हवा तेवढा ओला, आणि वाफ येत होती. ढीग उलटायचा काटा धुऊन भिंतीला टेकवलेला. यजमान काटा कधी धूत नसत. मी तिथेच बसून रडले, त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा. पोस्टमास्तरांनी विषय काढला नाही, मीही नाही. चोरी त्यानंतर सुरू झाली. मजुरी वसूल करत असावेत.

सबब वाफा, तिन्ही कप्पे आणि काटा पोस्टमास्तर हयात असेपर्यंत त्यांच्या वहिवाटीत राहतील. जमीन मुलाचीच, पण तोवर तिथे सिमेंटचं एक घमेलं जरी पडलं, तर घर मुलीला जाईल. सुनेने ओला कचरा रोज त्यांना द्यावा, प्लास्टिक वेचून. पोस्टमास्तरांना एकच अट : यापुढे पुढच्या फाटकातून यावं.

५. आज साक्षीदार सह्यांसाठी जमले, तेव्हा पोस्टमास्तर कुंपणापाशी आले.

"कंपाउंडर चालतो, रद्दीवाला चालतो, आणि इतक्या वर्षांचा शेजारी साक्षीला नको?"

"नको."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार होऊ नये, असं पुस्तकात स्पष्ट दिलं आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही. ते दार आपटून आत गेले. मी असेपर्यंत त्यांनी असंच रागावलेलं राहावं, ही माझी इच्छा आहे. नाहीतर आभार मानायला येतील, आणि मग मलाही मानावे लागतील.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

सही : (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार १ : दवाखान्यातले कंपाउंडर
साक्षीदार २ : रद्दीवाले
स्थळ : राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च २०२२