कर्णफायला शिकवलेला धडा

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहायचं. कारण एकच. पवनीतले लोक फार हळू बोलायला लागले आहेत आणि त्याचा दोष माझ्यावर ढकलून राहिले. भंडाऱ्याचा कानाचा डॉक्टरही त्यातलाच. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि कागदावर घसरगुंडीसारखी रेघ काढून दिली. म्हणे दोन्ही कान उतरले. साधं मशीन त्याच्याकडंच होतं. तोच बसवणार, बिघडलं तर तोच पाहणार. मी नाही म्हटलं. जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलं, गळ्यात माल कसा बांधतात ते मला शिकवू नये.
मोबाईलवर स्वतः रिसर्च केला. 'कर्णफाय'. कानात बसते, दिसत नाही, ॲपवर चालते, आत एआय. पिंटू म्हणाला, बाबा, डॉक्टरचंच घेऊ. पोराला टेक्नॉलॉजीत गती नाही. ऑर्डर केली.

९ ऑगस्ट, शनिवार
पार्सल आलं. वस्तू बोराच्या बीएवढी, डबा चपलांच्या डब्याएवढा. ॲपनं आधी फोटो मागितले, मग सगळ्यांचे नंबर, मग लोकेशन. कानाला लोकेशन कायले पाहिजे, माहीत नाही. सगळ्याला हो म्हटलं. शेवटी ओटीपी. तो मेसेजमध्ये येत नाही, कंपनी फोन करून बोलून सांगते. ऐकू न येणाऱ्याला मशीन विकायचं आणि ओटीपी ऐकवायचा. तीनदा चुकला. शेवटी बायकोनं, शकुननं, फोन कानाला लावून आकडे सांगितले. तेही मला ऐकू आले नाहीत, तर बोटांवर दाखवले.
कंपनीला एक कडक मेल लिहावा लागेल. बाकी समाधान.

१० ऑगस्ट
ऐकू येते!
पंखा किरकिरतो. नळ गळतो. शकुन पोळ्या लाटताना गुणगुणते. विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, लग्नाच्या आधीपासून.
मग ती हात पुसून समोर येऊन बसली. बोलत राहिली. तिच्या गुडघ्याचं, दारच्या लिंबाला कीड लागली त्याचं, दिघोरीच्या तिच्या बहिणीचं, बेबीबाईचं, नवरा गेल्यापासून ती कशी एकटी असते त्याचं. मी बरंच ऐकलं. मग सांगितलं की मशीन नवीन आहे, एकदम एवढा लोड देऊ नये. ती उठून गेली. समजूतदार आहे.

१४ ऑगस्ट
मशीनमध्ये गंभीर दोष.
दुकानात गल्ल्याच्या मागं बसलो होतो. एक गिऱ्हाईक पाण्याचा पितळी गुंड पाहत होता. पिंटूनं आवाजही कमी केला नाही. मशीनमधून स्पष्ट आलं, "बुड्याले इचारू नका जी. त्याले काई समजत नाई, नुसती मान हालवते." गिऱ्हाईक हसला. माझ्याकडं पाहून त्यानं नमस्कार केला. मी सवयीनं मान हलवली.
पिंटू असं बोलणार नाही. माझा मुलगा आहे. म्हणजे एआय शब्द बदलून ऐकवते. मोबाईल नाही का आपण एक लिहिलं की दुसरंच करून टाकत.
कर्णफायकडं तक्रार नोंदवली: 'आपल्या मशीनमधून जे बोलणे ऐकू येते ते आमच्या घरचे लोक बोलत नाहीत. त्वरित दुरुस्त करावे.'

१५ ऑगस्ट
उत्तर आलं. खाली सही 'स्वरा'. लिहिते, 'आपला ऐकण्याचा आनंद हाच आमचा आनंद.' पुढं पिवळं हसरं तोंड.
स्वरा ही पोरगी नवीन दिसते. तिच्या वरच्या साहेबाला लिहिलं. त्या साहेबाचंही नाव स्वरा निघालं.

२२ ऑगस्ट, पोळा
घरात पाहुणे. बेबीबाई दिघोरीहून आली. बैलाला पुरणपोळी चारून परत आलो तर दोघी बहिणी मागच्या अंगणात. मी दारात उभा होतो. लपलो नव्हतो, उभा होतो.
बेबीबाई म्हणाली, मशीन बसवल्यापासून तुले बरं झालं असन. शकुन म्हणाली, "कान तर आता गेले. आयकत तर हे पयलेपासूनच नव्हते."
दोघी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मस्करी म्हटली असती.
तक्रार क्रमांक दोन केली. या वेळी कारण सविस्तर लिहिलं: मशीन बायकांचं बोलणं जास्त बिघडवते.

९ सप्टेंबर
फसवणूक. सकाळी कानात बाई बोलली: आपला फ्री महिना संपला. आता 'शांत' मोड. म्हणजे बंद खोलीत, एकच माणूस, समोर बसून बोलला तर ऐकू येईल. घरात चार माणसं बोलली तर 'परिवार' प्लॅन घ्या. रस्ता, दुकान, लग्नकार्य यासाठी 'बाजार' प्लॅन. मशीन तेच, कान तेच, माणसं तीच. पैसे भरा, मग ऐका.
पिंटू म्हणाला (पाटीवर लिहून), हे सगळं आधीच लिहिलेलं होतं, तुम्ही वाचलं नाही. मी वाचलं होतं. बारीक अक्षर सोडून.
निश्चय: एक पैसा देणार नाही. कंपनीला गुडघ्यावर आणीन.

१४ सप्टेंबर, रविवार
शेजारी केवळरामच्या आईची तेरवी. केवळराम माझा जुना मित्र, रोज संध्याकाळी ओट्यावर सोबत बसतो. मांडवात गर्दी, कानात नुसती घरघर. केवळराम मुंडन केलेलं डोकं घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. काही बोलला. डोळे भरलेले. नेमकं तेव्हाच कानात ती बाई: 'आपल्या आसपास अनेक लोक बोलत आहेत. परिवार प्लॅन सुरू करायचा असल्यास हो म्हणा.'
मी केवळरामला म्हटलं, हो. हो.
कानात: 'अभिनंदन!' लगेच बँकेचा मेसेज. वर्षभराचा प्लॅन.
केवळराम उठून गेला. दुःखात माणूस असा उठून जातो.

१५ सप्टेंबर
पिंटू मांडवात मागंच बसला होता; केवळरामनं काय विचारलं होतं ते त्यानं कानाशी ओरडून सांगितलं. केवळरामनं विचारलं होतं, मी आईले नीट नाई पाह्यलं असं तुमालेही वाटते का?
म्हणजे कंपनीनं माझ्या एका 'हो'मध्ये दोन कामं केली.
खुलासा करायला निघणार होतो. पण खुलाशात कानाचा विषय निघेल. आणि केवळरामला लोकांनी सांगितलं असेलच की माझं मशीन बिघडलं आहे. थोडे दिवस जाऊ द्यावे.
बँकेत जाऊन पैसे अडवले. पहिला विजय! कंपनीनं मशीन 'शांत'वरच ठेवलं आणि आता सकाळ-संध्याकाळ कानात आठवण करून देते.

२३ सप्टेंबर
प्लॅन रद्द करायचं बटन ॲपमध्ये नाही. फोन करावा लागतो. फोन लावला की मशीन फोनला जोडलं जाते, मग कानात गाणं. गाण्यानंतर सांगतात, रद्द करायचे असल्यास स्पष्ट आवाजात 'रद्द' म्हणा. म्हटलं. 'क्षमस्व, आम्हाला ऐकू आले नाही.'
त्यांना ऐकू आले नाही!
अंगणात उभा राहून ओरडलो. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. केवळरामही ओट्यावर आला, मला पाहून आत गेला. दार लावलं. आवाज आला नाही, पण जोरात लावलं असणार, चौकटीवरची धूळ पडली.

४ ऑक्टोबर
मशीन परत करायचं ठरवलं. ॲप म्हणते, आपल्या पिनकोडवर परत घेण्याची सोय नाही. पवनीला माल आणून देता येतो, नेता येत नाही. लिहिलं, मीच नागपूरला आणून देतो, पत्ता द्या. स्वरा म्हणते, 'आपल्या नजीकचे केंद्र: सिंगापूर.'
दुकानावर नवीन पाटी लागली. पिंटूच्या नावाची. सून रिता म्हणते की महिन्याभरापूर्वी मला विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. असेल. निर्णय चांगलाच आहे. आता कंपनीकडं पूर्ण वेळ लक्ष देता येईल.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.
मोठी बातमी. कंपनीचा माणूस स्वतः फोनवर आला. खरा माणूस!
घडलं असं. शकुननं खोलीचं दार लावलं. पंखा बंद केला. खिडकीही लावली. समोर खुर्ची ओढून बसली. मशीनला कसं पाहिजे ते तिला बरोबर माहीत झालं आहे. एकेक शब्द ऐकू येत होता.
म्हणाली, "मी दिघोरीले जाऊन राहिली. बेबीच्या घरी. काई दिवसासाठी नाई, आयका..."
आणि फोन वाजला. मशीन आपोआप फोनला जोडलं गेलं, तिचं तोंड हलत राहिलं. मी हात वर केला, थांब म्हटलं. किती दिवसांपासून वाट पाहत होतो या फोनची! माणूस अदबीनं बोलत होता. त्याला सगळं सुरुवातीपासून सांगितलं. ओटीपी, स्वरा, सिंगापूर, सगळं. तो मधूनमधून 'जी सर' म्हणत होता. शेवटी म्हणाला, सर, मी तक्रार विभागातला नाही, मला फक्त विचारायचं आहे की आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?
एक दिला. ठणकावून दिला.
वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. खिडकी उघडलेली. शकुन काहीतरी सांगत होती, दिघोरीला काही दिवस जायचं म्हणत होती. उद्या विचारतो.

१४ ऑक्टोबर
काल विचारायचं राहिलं, ग्राहक मंचाच्या अर्जात गेलो. आज सकाळी शकुन बॅग घेऊन दारात. पिंटू स्कूटरवर सोडायला. ती माझ्याकडं पाहत उभी राहिली. मी हात हलवला. दिवाळीच्या आधी येईल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आली नाही. तिकडं धान कापणीला आला असेल, बेबीबाईला माणूस नाही. पिंटूला म्हटलं, आईला फोन लाव. त्यानं पाटी घेतली, लिहिलं, 'आई परत येत नाही म्हणते. तुम्हाला सांगून गेली.' मी म्हटलं, मला असं काही सांगितलं नाही. त्यानं अक्षरं पुसली.
मशीन नीट चालत असतं तर ही वेळ आली नसती. नुकसानभरपाईत हा मुद्दा टाकायचा.

२ नोव्हेंबर
जिंकलो.
कर्णफायचा मेल: आमचा सुंदर प्रवास इथे थांबत आहे, १५ तारखेच्या संध्याकाळपासून ॲप व मशीन चालणार नाही, आपण दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभार. कंपनी बंद! एका माणसानं, पवनीत बसून, बंद पाडली. एक स्टार बरोबर जागी लागला.
मेलची प्रिंट काढून दुकानात चिकटवली. पिंटूनं ती संध्याकाळी काढली. गिऱ्हाईक वाचत उभे राहतात, धंद्याला अडचण होते, बरोबर आहे त्याचं.
केवळरामला दाखवायला त्याच्या ओट्यापर्यंत गेलो. तो घरात होता. दार वाजवलं. तो आतून काही बोलला असेल तर कल्पना नाही. थोडा वेळ उभा राहून परत आलो.

१५ नोव्हेंबर
संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद पडलं. आधी ती बाई बोलली, 'धन्यवाद.' मग काहीच नाही. कानातून काढलं, पुन्हा घातलं. पैसे भरायची तयारी आहे असं लिहून पाहिलं. मेल परत आला. पत्ता अस्तित्वात नाही.
भंडाऱ्याच्या डॉक्टरकडं जाऊ शकतो. पण तो मनात म्हणेल, मी सांगितलं होतं. ते मला चालणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
बसनं दिघोरीला गेलो. शकुनला आणायला. बस कंडक्टरनं दोनदा खांदा धरून हलवलं, एकदा तिकिटासाठी, एकदा उतरायला.
बेबीबाईच्या अंगणात धानाचा ढीग. शकुन सूप घेऊन पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं. तब्येत सुधारली आहे. तिला सांगितलं, कंपनी बंद पाडली, आता त्रास नाही, चल.
ती बोलली. बराच वेळ बोलली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. एकदा थोडी हसली. रडली नाही. एकदा माझ्या कानाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच हात खाली घेतला. शेवटी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली.
मी म्हटलं, हो. हो.
तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पाया पडली. आतून डबा आणून दिला. मग सूप उचललं.
बसमध्ये विचार केला. चेहऱ्यावरून तर ती राजी वाटली. सोमवारपर्यंत येईल.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दिघोरीहून बेबीबाईच्या शेजारचा माणूस आला. पिंटूला एक पिशवी दिली आणि गेला. पिशवीत घराच्या किल्ल्या, लग्नात पायाच्या बोटांत घातलेल्या बिछव्या. पिंटू माझ्याकडं पाहत होता. रिता आत गेली. पाटी टेबलावरच होती, कोणी उचलली नाही. पिंटूला विचारलं, आई कोणत्या बसनं येते? तो दुकानात निघून गेला.
दुपारी चहा मीच मांडला. इकडं बसून हे लिहीत होतो. वास आला म्हणून पाहिलं, दूध सगळं उतू जाऊन भांडं जळत होतं.