डावीकडचे खडक

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग घातल्यावर उठायला हल्ली कुणाचा तरी हात लागतो, म्हणून हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. भाव मात्र जमिनीवरचाच समजावा.) इकडे सगळे बरे. तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझा राग, तिन्हींची खुशाली कळव. पहिल्या दोन्हींची मला काळजी वाटते, तिसऱ्याची भीती वाटते. आज सतरा दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. रोज संध्याकाळी सहाला मी कानांवर हेडफोन चढवून आपल्या खेळाचा पडदा मिनिटभर लावतो आणि तुझ्या नावापुढे ‘हजर नाही’ एवढंच येतं. टेलिफोन ऑफिसात पस्तीस वर्षं तू जगाचे फोन जोडून दिलेस आणि सख्ख्या भावाचा तेवढा लागत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. आलेलं पत्र न वाचता ठेवणं तुला जमत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे (लहानपणी तू माझीही वाचायचीस).

खेळातली आपली बोट फुटली त्याचा दोष माझा, हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. आठ महिने आपण ती बोट बंदरामागून बंदर करत आणली. तू सुकाणूवर, मी टेहळणीवर. मला काम एकच होतं, खडक दिसला की तुला सांगायचं. त्या शेवटच्या आठवड्यात एक खडक घासला, मग दुसरा घासला, आणि शेवटचं बंदर समोर दिसत असताना तिसऱ्यावर बोट फुटली. एवढं एक बंदर गाठलं असतं तर खेळ पुरा झाला असता. आता पुन्हा पहिल्या बंदरापासून सगळं. त्यावर तू म्हणालीस, “तुझं लक्षच नसतं. लहानपणापासून नव्हतं.” आणि गेलीस. ताई, बोटीचं मला फारसं वाटलं नाही, पण हे वाक्य मनाला लागलं. एक्केचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो. माझ्याकडे दुसरं काही नसेल, पण लक्ष आहे. ते नेमकं कुठे गेलं होतं याचा छडा मी लावला आहे आणि तो सविस्तर कळवावा म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात पडद्यापासून झाली. आपण आधी लहान पडद्यावर खेळायचो तेव्हा काही तक्रार नव्हती. मग लेकाला बापाची कणव आली आणि त्याने पासष्ट इंची पडदा आणून भिंतीवर ठोकला (माझं वय आणि पडद्याचे इंच सारखे आहेत, पण पडदा अजून वॉरंटीत आहे). नाकापेक्षा मोती जड, तशी आमची खोली. पडदा लावायला कपाट हललं, कपाटाने पलंग हलवला आणि पलंगाने मला. आता एवढी मोठी वस्तू लांबून बघायची असते, हे कुणीही सांगितलं असतं. पण मी पडलो घड्याळवाला. नीट बघायचं म्हणजे जवळून बघायचं, एवढंच मला माहीत. मी स्टूल ओढून पडद्यापासून साडेतीन फुटांवर बसलो. शिवाय खोलीतला दिवा मालवला, कारण दुकानातही माझा उजेड फक्त कामावर असतो, बाकी अंधार. आठवड्याभरात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. कपाळ ठणकायचं. दुकानात एका बाईंच्या घड्याळात मला दोन मिनिटकाटे दिसले आणि मी दोन्ही पुसले. तुझी भावजय म्हणाली की या वयात डोळे फोडून घ्यायला समुद्रावर कशाला जायचं, घरात काय कमी आहे. पण मी ऐकतोय कशाला? टेहळणीवाल्यानेच डोळे मिटले तर सुकाणूवालीने कुणाकडे बघायचं, अशी माझी भाबडी समजूत.

बोट फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आपल्या मुलीसारख्या, बोलायला आपल्या आईसारख्या. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली (आणि खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं). डोळे उत्तम, मग दुखतात का? त्यांनी विचारलं, खेळताना बसता कसे ते दाखवा. मी स्टुलावर पुढे वाकलो, मान खाली घातली आणि त्यांच्याकडे लक्ष देऊन बघू लागलो. त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, तुमचा डावा डोळा मिटलेला आहे.” मला पत्ताच नव्हता. एक्केचाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग आणि डावा बंद, असं काम केलं. आता मन लावून काहीही बघायला गेलं की डावा आपला आपण दुकान बंद करतो. आणि साडेतीन फुटांवरून एका डोळ्याने पासष्ट इंच बघायचे म्हणजे डाव्या अंगाचा समुद्र माझ्या नाकामागे जायचा. आठव ताई, तूच ओरडायचीस की सगळे खडक मेले डावीकडूनच कसे लागतात.

दुसरा गुन्हा पापणीचा निघाला. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरली असताना आमच्या धंद्यात कुणी पापणी लववत नाही. बाईंनी मोजलं, तर मी मिनिटाला तीनदा लववतो, आणि माणसाने पंधरा-वीसदा तरी लववावी म्हणे. मग त्यांनी शिक्षा सुनावली. पंधरा दिवस बोट बंद. त्यानंतर पडद्यापासून नऊ फूट लांब बसायचं, खोलीत दिवा लावायचा, पडद्याचा लखलखाट कमी करायचा, खिडकीचा उजेड पडद्यावर पडू द्यायचा नाही, आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. शेवटच्या नियमाची सवय मात्र आजपासूनच लावा, दुकानातसुद्धा, असं बजावून त्यांनी मला घरी पाठवलं.

तुझ्या भावजयीने ही शिक्षा माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली. तिने त्याच दिवशी टेपने मोजून जमिनीवर खडूची रेघ मारली. नऊ फूट नेमके स्वयंपाकघराच्या दारात येतात. तेव्हापासून माझी खुर्ची उंबऱ्यावर आहे आणि मी न घरचा न स्वयंपाकघरचा. सूनबाई गरम पातेलं घेऊन आली की मी उठतो, लेक पाणी प्यायला आला की मी उठतो, मांजर आली की मात्र तीच मला वळसा घालते. समोर बंद पडदा, त्यात माझंच काळं प्रतिबिंब, आणि शेजारी बसून तुझी भावजय माझ्या पापण्या मोजते. मोजणीत चूक झाली तर पहिल्यापासून. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतका वेळ तिने माझ्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं (हे तिच्यासमोर बोललो, तेव्हा मोजणी दोन दिवस बंद होती).

राहता राहिले वीस फूट. आमची अख्खी खोली तेरा फुटांची, तेव्हा उरलेले सात फूट रस्त्यावरून उसने घ्यावे लागतात. उंबऱ्यावरून खिडकीतून सरळ बघितलं की समोरच्या दाताच्या डॉक्टरांची बाहेर बसायची खोली दिसते. तिथे गाल धरून माणसं बसलेली असतात. मी हातात जुनं शर्यतीचं घड्याळ घ्यायचो (वीस सेकंद म्हणजे वीस, एकोणीस नव्हेत), कळ दाबायचो, समोरच्या गालाकडे वीस सेकंद टक लावून बघायचो, कळ दाबायचो, आणि दुकानातली सवय म्हणून वहीत टिंब करायचो. वीस मिनिटांनी पुन्हा. माझ्या मनात पाप नाही, पण समोर काय दिसत असेल याचा मी विचारच केला नाही. चौथ्या दिवशी दाताचे डॉक्टर स्वतः जिना चढून आले. फार नम्रपणे विचारू लागले की आपण कोणत्या खात्याकडून, आणि पेशंट किती वेळ ताटकळतात ते मोजायची तक्रार नेमकी कुणी केली. मी डोळ्यांचं खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून समोर दिलेल्या वेळेला माणूस आत घेतला जातो, आणि त्यामुळे मला बघायला तिथे कुणी उरत नाही. मी वीस सेकंद रिकामी बाकं बघतो. रिकामं बाक बघणं डोळ्यांना बरं असेल, मनाला नाही.

ताई, कंटाळलो गं. पंधरा दिवस डोळ्यांना विश्रांती आणि जिवाला नाही, असे गेले. आता वाळू नाही, कपाळ शांत आहे, काटे जितके आहेत तितकेच दिसतात. बाईंनी कालच खेळायची परवानगी दिली, मी काल आणि त्याआधी परवाही (म्हणजे चोरून) दोन्ही डोळे उघडे ठेवून सराव केला आहे. आणि आणखी एक सांगतो, रागावू नकोस. शाळेत जाताना तू माझा हात धरून नेहमी माझ्या डाव्या अंगाला चालायचीस, गाड्यांच्या बाजूला. उजवीकडे भिंत आणि डावीकडे तू. डावीकडून काही येऊ शकतं, हे बघायची मला सवयच लागली नाही. तेव्हा झाल्या प्रकारात थोडा हिस्सा तुझाही धर आणि या भावाला माफ कर. रविवारी सहाला दिवा लावून, पडदा मंद करून, रेघेवर बसलेला असेन.

तुझ्या उजव्या हाताचा,
धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाईंचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. त्यात ‘लक्ष उत्तम’ असं मुद्दाम लिहून घेतलं आहे.

ता. क. दुसरा. चोरून केलेल्या सरावाला तुझ्या जागी सुकाणूवर दाताचे डॉक्टर बसले होते (खात्याच्या माणसाची मर्जी राखावी म्हणून). मी वेळेवर खडक सांगतो, ते “जरासं दुखेल हं” म्हणतात आणि बोट त्यावरच घालतात. पहिलं बंदरही सुटलेलं नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढी पानं लिहिलीत, आता खरं तेवढं लिहा. तर लिहितो. पहिले दोन खडक डाव्या डोळ्याचे, शपथेवर. तिसरा उजवीकडून आला होता. मला तो चांगला दिसला होता, पुष्कळ लांबून. पण त्याच्या मागे ते शेवटचं बंदर दिसत होतं. भाऊजी गेल्यापासून तू फोनवर ‘बरी आहे’ म्हणून ठेवून द्यायचीस, चार वर्षं मी तेवढ्यावर भागवलं. या आठ महिन्यांत तू रोज सहाला यायचीस, मला शिव्या द्यायचीस, दोनदा हसलीसही. बोट बंदराला लागली असती तर दुसऱ्या दिवशी सहाला तू कशाला आली असतीस? म्हणून मी गप्प बसलो. पहिल्या बंदरापासून पुन्हा निघू या. या खेपेला घाई करू नकोस.