सभेच्या इतिवृत्तात आमचे हे

महाड, मंगळवार

तीर्थरूप सुहासदादास,

धाकट्या बहिणीचा, शुभदाचा, साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घे). तुझी आणि वहिनींची तब्येत कशी आहे? पुण्यात थंडी सुरू झाली असेल, इथे अजून पंखा लागतो. आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांची दुपारची झोप तेवढी वाढली आहे.

"आता पुरे, वाचनालय सोड आणि घरी बस," असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते ह्यांनी मला वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांच्या आवाजात जरा जास्तच आनंद होता. त्याचं उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण उत्तर काय द्यायचं ते सभेवर अवलंबून होतं. तुझ्यापर्यंत सगळं तुकड्यातुकड्यानं आलं असणार, म्हणून पहिल्यापासून सांगते.

काचबिंदूनं माझी नजर गेली त्याला दीड वर्ष झालं. तेवीस वर्षं मी रोज एसटीनं पोलादपूरला जाऊन तिथल्या वाचनालयाचं ग्रंथपालपण केलं, आणि नजर गेल्यावरही जात राहिले. (कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे बघायला डोळे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेवीस वर्षं एकाच खोलीत काढून बघावीत.) पण कार्यकारिणीला माझी दया आली. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन मला सन्मानानं मोकळं करायचं त्यांनी ठरवलं. शाल आणूनसुद्धा ठेवली. दादा, मला फार लागलं ते. मी म्हटलं, मागल्या सभेचं इतिवृत्त मी संगणकावरून स्वतः सादर करते, कुणाची मदत न घेता. नाही जमलं तर निमूटपणे शाल घेते.

मदतीला होता तो स्क्रीन रीडर. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. पनवेलचे धवल सर, स्वतः जन्मांध, मला तो फोनवरून शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की हा आयता वापरायचा नसतो, आपल्या कानाच्या मापानं बेतून घ्यायचा असतो. सुरुवातीला तो प्रत्येक स्वल्पविराम आणि प्रत्येक कंस मोठ्यानं म्हणायचा. (मला कंसांची किती सवय आहे ते तुला ठाऊकच आहे. माझंच पत्र ऐकताना मला माझा वीट आला.) ते बंद केलं. वेग वाढवला, आवाज जरा खाली आणला, आणि मग माझ्या हाती लागला उच्चारांचा शब्दकोश. म्हणजे अमुक शब्द आला की तमुक म्हण, असं त्याला सांगून ठेवता येतं. आपल्या देणगीदारांच्या यादीत निम्मे कैलासवासी, आणि हा नुसताच 'कै' म्हणून पुढे जायचा, ते बरं वाटेना. म्हणून 'कै' दिसलं की 'कैलासवासी' म्हण, अशी नोंद केली. पण पूर्ण शब्द असेल तरच बदल, ही खूण करायची राहिली. दुसऱ्या दिवशी पुस्तकांची यादी लावली, तर कैरीचे पदार्थ झाले कैलासवासीरीचे पदार्थ आणि रामायणातली कैकेयी झाली कैलासवासीकेयी. झाडलोट करणारी आमची प्रयागबाई, कुडपणची, हातातला झाडू थांबवून म्हणाली, "बाय, ही आतली बाई सगल्यांना मारतेय काय गो?"

ती चूक सुधारली, आणि आता आपल्याला सगळं येतं असा मला गर्व झाला.

सभा रविवारी चार वाजता होती. त्या दुपारी मी घरी इतिवृत्ताची तालीम करत होते. आता वाचनालयाचे अध्यक्ष आहेत श्री. रघुवीर दाभेकर, निवृत्त वनाधिकारी, आणि आपल्या ह्यांचं नाव तुला माहीत आहे. ते मी लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडानं उच्चारलेलं नाही. (श्रद्धा वगैरे काही नाही, जिभेला वळणच नाही.) सासूबाई गेल्यापासून घरात त्या नावानं कुणी हाक मारत नाही. संगणक म्हणाला, "रघुवीर", आणि हे पलंगावरून ताडकन उठून, "आलो, आलो आई," म्हणत बाहेर आले. समजूत घालून परत निजवलं. पुढच्या ओळीत पुन्हा "रघुवीर", पुन्हा हे दारात. इतिवृत्तात अध्यक्षांचं नाव अकरा वेळा आहे. चौथ्या वेळी मी वैतागून शब्दकोश उघडला आणि 'रघुवीर'पुढे बदली शब्द घातला. काहीतरी घालायला हवं होतं, म्हणून जे तोंडात होतं ते घातलं: 'आमचे हे'. निघण्याआधी काढून टाकू म्हटलं. हे शांत झोपले. निघताना गडबड झाली, आणि राहिलं.

सभेला साठ-सत्तर माणसं होती. पहिल्या रांगेत सौ. दाभेकर, शेवटच्या रांगेत आपले हे. संगणक मोठ्या स्पीकरला जोडलेला. मी कळ दाबली आणि तो खणखणीत आवाजात सुरू झाला: "अध्यक्षस्थानी आमचे हे दाभेकर होते. आमचे हे दाभेकर यांनी दीपप्रज्वलन केले. आमचे हे दाभेकर यांचा सत्कार ग्रंथपाल शुभदाताई यांनी केला." दादा, भूमीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं. सगळी सभा हसून लोळत होती. त्यात सौ. दाभेकर उठून म्हणाल्या, "न्या हो ताई, पण साखर आहे त्यांना, चहा बिनसाखरेचा द्या!"

कुणीतरी म्हणालं, राहू दे, मी वाचतो, आणि माझ्या हातापाशी कागद खुळखुळला. तेव्हा मात्र मला राग आला. मी कागद बाजूला सारला, शब्दकोश उघडला, ती नोंद शोधली, पुसली, इतिवृत्तात होते त्याच ओळीवर परत आले आणि कळ दाबली. मिनिटसुद्धा लागलं नसेल. आता तो नीट "रघुवीर दाभेकर" म्हणाला. (मागून "आलो" असं ऐकू आलं, पण तिकडे दुर्लक्ष केलं.) हसणं थांबलं. शेवटच्या ठरावापर्यंत सगळे गप्प बसून ऐकत होते. संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, हे आत्ता ताईंनी केलं ते इथे डोळे उघडे असलेल्यांपैकी कुणाला जमेल, त्यानं हात वर करावा. प्रयागबाई मला सांगायला आली, "एक पन हात नाय, बाय." मी ग्रंथपाल राहिले. आणलेली शाल ह्यांच्या खांद्यावर घातली. एसटीत मी महाडपर्यंत रडले, आणि हे शाल पांघरून झोपले.

तुझी,
शुभदा

ता. क. : वर 'राहिले' असं ऐटीत लिहिलं आहे. ठराव एका वर्षाचा आहे.

ता. क. २ : पत्राचं अक्षर एवढं मोठं का, असं तुला वाटलं असेल. वहिनींचा फोन आला होता. जिना उतरताना तू भिंत धरतोस आणि शेजारून कुणी आलं की दचकतोस, असं त्या सांगत होत्या. मीही तशीच दचकायचे. समोरचं दिसत राहतं आणि कडेचं जातं, म्हणून कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं म्हणत मी सहा महिने घालवले. हा आजार भावंडांत असतो. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दहाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ वहिनींनी माझ्या सांगण्यावरून घेतली आहे. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड, पण दादा, जा.