डाव्या हाताचा आवाज

४ जानेवारी

एका घोर अन्यायाची नोंद करणे भाग आहे. मुठीला गुंडाळायच्या पट्ट्या! बायको किकबॉक्सिंगच्या वर्गाला जाऊ लागल्यापासून त्या धुणे, वाळवणे आणि घट्ट गुंडाळून ठेवणे हे खाते माझ्याकडे आले आहे. लांबलचक समास मी नववीच्या वर्गात हसत हसत सोडवतो. दोरीवरच्या या गुंत्याचा विग्रह मात्र काही केल्या होत नाही. रीतसर तक्रार केली. म्हणाली, ‘अहो, मग तुम्हीही चला की. पॅड धरायला माणूस हवाच आहे.’ न्याय मागायला गेलो, शिक्षा घेऊन आलो.

९ जानेवारी

गेलो. सायकलींच्या दुकानावरचा हॉल. जमिनीवर रबराच्या लाद्या, हवेत मोज्यांचा वास. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलीपेक्षाही लहान, पण आवाज मुख्याध्यापकांचा. मला काका म्हणतात आणि कोपरे आत घ्यायला लावतात. दोन्ही तळव्यांवर चामड्याच्या उशा बांधून उभे राहायचे, बायकोने त्यांवर ठोसे मारायचे. संसारात इतकी वर्षे जे तोंडी चालले होते, ते आता प्रात्यक्षिकासह.

ठोसा हातात नसतो म्हणे. आधी टाच वळते, मग कंबर, मग खांदा. मूठ सगळ्यांत शेवटी पोचते आणि पोचल्यावरच आवळायची. उजवा — फट्! डावा — थप्प.

पॅड किंचित पुढे नेऊन ठोशाला भेटवला की आवाज चांगला येतो. मॅडमनीच दाखवले. पण बोटभरच, जास्त नेला तर मारणाऱ्याची फसवणूक होते, म्हणाल्या.

२१ जानेवारी

डाव्याचे काही जमेना. मॅडमनी टाच सुधारली, खांदा सुधारला. घरी ही कपाटाच्या आरशासमोर उभी राहून हवेत डावा मारते. मी वर्तमानपत्राआडून बघतो. आज वर्गात तिचा चेहरा अगदी पडला. डोळ्यांत पाणीबिणी नाही, पण ओठ आत ओढलेले — ते मला ठाऊक आहेत. पुढच्या डाव्याला मी पॅड चांगलाच पुढे नेला. फट्! तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला वाटले, एवढ्या स्वस्तात पुण्य पूर्वी कधी मिळाले नव्हते.

२ फेब्रुवारी

डावा आज छान वाजला. म्हणजे मी वाजवला.

१२ फेब्रुवारी

आता पॅड फारच पुढे न्यावा लागतो. तळवा खोटे बोलत नाही. तिच्या उजव्याने माझा हात खांद्यापर्यंत मागे जातो. डाव्याला मीच सामोरा जातो आणि तिथे काही नसते. टाच वळते, कंबर वळते, सगळे जागच्या जागी. व्याकरण शुद्ध, अर्थ गायब.

घरी येऊन लक्ष ठेवले. कुकर उजव्याने उचलते. दाराची कडी, नळ, चष्मा — सगळे उजव्याने. पूर्वी असेच होते का? आठवेना. जिच्याशेजारी उभा जन्म काढला, ती नळ कुठल्या हाताने सोडते हे मला सांगता येत नाही!

हात दुखतो का, असे सहज विचारल्यासारखे विचारले. म्हणाली, मुळीच नाही. दुखत नाही हेच मला आवडले नाही.

१९ फेब्रुवारी

पुढल्या महिन्यात पिवळ्या बेल्टची परीक्षा. परीक्षक बाहेरून येणार आणि पॅड तेच धरणार. तिथे त्या उशा जागच्या हलायच्या नाहीत. आज सांगायचे असे ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ही काहीतरी गुणगुणत होती आणि पट्ट्या स्वतः गुंडाळत होती. डाव्याने धरून, उजव्याने. मी पाणी पिऊन परत आलो.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी परीक्षेची तयारी म्हणून पॅड माझ्या हातांतून काढून घेतले. उजवा — फट्. डावा — ओला टॉवेल भिंतीवर आपटावा तसा. ‘काकू, दमलात का?’ पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मॅडमनी हिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. मग हीही माझ्याकडे पाहू लागली. मी लाद्यांकडे.

जाताना मॅडम हळूच म्हणाल्या, ‘काका, डॉक्टरांना दाखवा. हे माझ्या शिकवण्यातलं नाही.’

जिन्यावर ही पुढे, मी मागे. खाली सायकलवाला शटर ओढत होता, तेवढ्या खडखडाटात मी बोलून टाकले. पॅड मी पुढे आणत होतो. जवळजवळ सुरुवातीपासून. तुला बरे वाटायचे म्हणून. तिने ऐकले हे नक्की, कारण तिने पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली. चिडली असती तर बरे झाले असते. चिडलेली ती मला पाठ आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी चहा पुढ्यात ठेवून बसली. वर्गाला हौसेने गेले नव्हते, म्हणाली. परीक्षेचेही तिला काही नाही. पावसाळ्यापासून डाव्या हातातून वस्तू सुटत होत्या. दोन कप फुटले ते मांजरामुळे नव्हे. व्यायामाने ताकद परत येते का बघू, नाही आली तर डॉक्टर, असे तिने मनाशी ठरवले होते. मला सांगितले नाही, कारण मी घाबरतो.

‘आणि येत होती हो ताकद,’ ती म्हणाली. ‘आवाज येत होता ना. म्हणून तर गेले नाही डॉक्टरकडे.’

उद्याची वेळ घेतली आहे. महिनाभर मी तिला तो आवाज काढून दिला. तेवढ्यात उशीर झाला असेल का? मला फार भीती वाटते आहे.